श्वास लपवायचा नसतो

उस्तानीबी गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. फोन शाहीनचा होता, त्यांच्या भाचीचा. "खाला, खालाबी गई... सुबे गई. मिट्टी भी हो गई. आपकू बोलने में देर हुई, माफ करना." मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला आणि छाती आवळून आली. रडू तोंडावाटे बाहेर पडलं आणि त्याच्याबरोबर लहानपणापासून ओळखीची असलेली ती शिट्टीही वाजायला लागली. बाहेरच्या खोलीत सुनेच्या मैत्रिणी बसल्या होत्या. मी काय केलं असेल? उठून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि पदराचा बोळा तोंडाशी धरला. सत्तरी ओलांडलेली बाई मी. ज्या बाईनं अर्धं आयुष्य मला हेच करू नकोस म्हणून सांगितलं, तिच्या मरणाची बातमी ऐकून मी नेमकं तेच केलं. ते ध्यानात आलं आणि इतकी लाज वाटली की रडूच थांबलं.

त्याला आता काही आठवडे झाले. उस्तानीबींविषयी लिहावं असं तेव्हापासून मनात आहे, पण लिहायला बसलं की हात अडतो. त्यांच्याविषयी लिहायचं म्हणजे दम्याविषयी लिहावं लागणार, आणि दमा ही आमच्या घरात उच्चारायची गोष्ट नव्हती.

त्यांचं नाव जैनब. निजामाचं राज्य होतं तेव्हा औरंगाबादेतल्या मुलींच्या एका शाळेत त्या कवायत शिकवायच्या. शिक्षिकेला तेव्हा उस्तानी म्हणत. आम्ही सगळ्या त्यांना उस्तानीबी म्हणायचो. शाळेची भिंत दोन पुरुष उंच आणि फाटकाला जाड गोणपाटाचा पडदा. पडद्याआड मुसलमानांच्या मुली, आम्हा मराठी घरांतल्या मुली, दोन-चार मारवाड्यांच्या, सगळ्या उर्दूतून शिकायच्या आणि मधल्या सुट्टीत आपापल्या भाषेत भांडायच्या.

मी मूळची करमाडची. घरी शेती बरी होती, वडील गावात मान असलेले. पण मला कळायला लागल्यापासून माझ्या छातीत भाता होता. चुलतभावांनी मला तेच नाव ठेवलं होतं... "भाता आला, भाता आला." थंडीत, धुळीत, रडलं तरी आणि खूप हसलं तरी छाती वाजायची. आई मारायची नाही, रागवायचीही नाही, पण माझा आवाज आला की तिचा चेहरा पार उतरायचा. "वरच्यावर घे गं," ती कानाशी येऊन म्हणायची, "हळूच घे. लोकायला कळालं तर कोण करील तुला?" मग मी वरच्यावर घ्यायला शिकले. खांदे उचलायचे, तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि आवाज होणार नाही इतकीशी हवा आत ओढायची. परकराची नाडी तर अशी करकचून बांधलेली असायची की पोटाला हलायला जागाच नसे. पाहुणे आले की मला धान्याच्या खोलीत बसवायचे. तिथल्या धुळीनं दम आणखी लागायचा, आणि तो ऐकू जाऊ नये म्हणून मी गोधडीत तोंड खुपसून बसायची. हे सगळं आईनं मायेनं केलं. मला तिचा राग नाही. पण श्वास घेणं ही चोरी आहे, ही गोष्ट माझ्या हाडात तिथंच मुरली.

पुढं शिकायला म्हणून मला औरंगाबादला मामांकडे ठेवलं. मामा कचेरीत कारकून होते. शिक्षण हे एक कारण झालं. दुसरं कारण असं की गावात बभ्रा होण्याआधी पोर नजरेआड झालेली बरी. मामी मनानं चांगली, पण तोंडानं फटकळ होती. माझ्या घशाची घरघर ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाली, "ह्या पोरीला मांजर चावलंय का काय?"

कवायतीच्या तासाला माझं पोट दुखायचं. दर वेळी दुखायचं. उस्तानीबी नुसत्या बघायच्या. तेव्हा त्या बाविशी-तेविशीच्या असतील. उंच, सडसडीत, सावळ्या. बुरखा फाटकाच्या खुंटीला अडकवला की ओढणी आडवी कमरेला बांधायच्या आणि मग त्यांच्या अंगात वीज असल्यासारखी वाटायची. एकदा मात्र पोटदुखीचा बहाणा चालला नाही. सगळ्या मुलींना अंगणाभोवती पळायचं होतं, आणि मी पळाले. दुसऱ्या फेरीतच डोळ्यांपुढं अंधारी आली. मी रांग सोडून पाण्याच्या खोलीमागं गेले, भिंतीला टेकून खाली बसले आणि ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. मरते की काय असं वाटत होतं. पण त्याहून मोठी भीती ही, की कुणी बघेल.

त्या आल्याच. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी मान फिरवली. तेव्हा त्यांनी जे केलं ते आजवर मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही. त्या माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि माझ्याकडे पाठ केली. तोंड भिंतीकडे.

"मैं नै देखती," त्या म्हणाल्या. "कोई नै देखता. मूं में का कपडा निकाल."

मी काढला.

"अब पैले छोड. लेना बाद में. गरम चायपे फूक मारती ना, वैसी. हल्लू... और हल्लू."

मी घ्यायला धडपडत होते आणि त्या मला सोडायला सांगत होत्या. हवा कमी पडतेय आणि ही बाई आहे ती पण सोड म्हणते! पण पाठ करून त्या स्वतः तशाच फुंकर घालत बसल्या होत्या, लांब, सावकाश, आणि त्या आवाजाच्या मागं मागं माझी फुंकर जायला लागली. सोडता सोडता छाती रिकामी झाली आणि मग हवा आपसूक आत आली. किती वेळ बसलो कुणास ठाऊक. मुली पळून दमल्या, बसल्या, खिदळायला लागल्या. उस्तानीबी उठल्या, सलवारीची माती झटकली आणि तेव्हा कुठं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांस चोरी का माल है क्या? छुपाती काइकू?"

दुसऱ्या दिवसापासून माझी वेगळी शाळा सुरू झाली. मधल्या सुट्टीत त्या मला मागच्या खोलीत चटईवर उताणी झोपवायच्या. आधी नाडी सैल करायला लावली. दोन बोटं आत गेली पाहिजेत, असा त्यांचा नियमच होता. एक हात पोटावर, एक छातीवर. श्वास घेताना वरचा हात गप्प राहिला पाहिजे, खालचा उचलला पाहिजे. ऐकायला किती सोपं! मला ते जमायला कितीतरी दिवस लागले, कारण पोट पुढं आलं की मला नागवं झाल्यासारखं वाटायचं. तोंड बंद ठेवायचं, नाकानंच घ्यायचं. "नाक सांस के वास्ते, मूं खाने के वास्ते," त्या म्हणायच्या. हळूहळू चालणं आलं. आत घेताना थोडी पावलं, सोडताना जास्त. मग पळणं. पळण्याचा त्यांचा एकच कायदा होता: नाकाला जेवढं झेपेल तेवढंच पळ, तोंड उघडावंसं वाटलं की चाल. घागर उचलताना श्वास धरून ठेवू नकोस, उचलता उचलता सोड. जिना चढताना बोलू नकोस. हकीमाचं औषध होतंच, ते त्यांनी एकदाही बंद करायला सांगितलं नाही. "दमा नै जाता," त्या स्वच्छ सांगायच्या, "पन दम बढता."

दम वाढला. पावसाळा संपेपर्यंत मी अंगणाच्या फेऱ्या बाकीच्या मुलींच्या बरोबरीनं मारायला लागले होते. पहिल्या नंबरानं नाही, कधीच नाही, पण शेवटच्याही नाही. मामीनं भरलेला हंडा उचलायला सांगितला तर मी तो उचलून ओट्यावर ठेवायची. झोपेतली घरघर इतकी कमी झाली की मामी एकदा सकाळी म्हणाली, "अगं, तुझा आवाजच नाय, म्हणून जित्ती हायेस का ते बघाया आले व्हते मी!" माझ्यावरून शिकल्यासारखं उस्तानीबींनी मग सगळ्या वर्गालाच ते लावलं. दोरीवरच्या उड्या असोत की डंबेल्स, तोंड बंद. आणि नाड्या सैल.

त्या नाड्यांनीच घात केला. कुणा मुलीनं घरी सांगितलं, की शाळेत पोट पुढं काढायला शिकवतात. गल्लीतून गल्लीत ती गोष्ट गेली आणि जाता जाता वाढत गेली. मुलींना नाड्या सोडायला लावतात, इथवर आली. मामी भाकरी थापता थापता माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोट म्होरं काढून चालाया शिकवत्यात व्हय शाळेत? उद्या काय म्हणतील लोक?" माझे कान लाल झाले. माझ्याच पोटावर हात ठेवून त्यांनी शिकवायला सुरुवात केली होती... सगळा दोष माझ्या पोटाचा असल्यासारखं वाटलं. काही बायका बंद टांग्यांतून शाळेत आल्या आणि मोठ्या उस्तानींच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, खोलीत बराच वेळ बसल्या. मोठ्या उस्तानी वाईट नव्हत्या, घाबरट होत्या. त्यांनी मध्यम मार्ग काढला. शाळेचा सालाना जलसा, म्हणजे वर्षाचा समारंभ, जवळ आला होता. त्या दिवशी सगळ्यांच्या आयांसमोर कवायत करून दाखवा. त्यांना पटलं तर कवायत राहील, नाहीतर हा तासच बंद.

तास बंद म्हणजे उस्तानीबींची नोकरी बंद, एवढं आम्हालाही कळत होतं. मी त्यांना म्हणाले, "मला नका घेऊ त्यात. मी अडकले तर?" तेव्हा त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. मागच्या खोलीत, चटईवर, याही वेळी माझ्याकडे पाठ करून.

त्यांनाही दमा होता. लहानपणापासून. लग्न जालन्याला झालं, तेव्हा घरच्यांनी लपवलं आणि त्यांनीही लपवलं. सासरी माडीवर पाणी चढवताना एकदा भर जिन्यात दम लागून बसल्या. सासूनं वरून पाहिलं. आठवड्याभरात ट्रंकेसकट माहेरी पोचवलं. "बोले, ये तो टूटा हुआ माल है." वडील हाफिज होते, कुराण तोंडपाठ असलेले. कुराणातली लांबच लांब आयत ते एका श्वासात म्हणायचे. परत आलेली ही मुलगी पडद्यामागं बसून तासन्‌तास नुसतं ते ऐकायची... बाबा श्वास कुठं घेतात, किती हळू सोडतात. तसं करता करता तिचा तिलाच दम सापडला. मग शिकली, उस्तानी झाली. शाळेत कुणाला यातलं काहीच माहीत नव्हतं. "कवायतवाली कू दमा है बोलेंगे तो कौन रखता?" त्यांच्या पाठीकडे बघताना मला पहिल्यांदा जाणवलं, की ज्या बाईला मी वीज समजत होते तीही चोरूनच जगतेय.

जलशाचा दिवस उजाडला. अंगणात सतरंज्या, एका बाजूला गाद्या, बड्या घरच्या बेगमांसाठी तक्के. सगळ्या बायकाच, पुरुष कुणी नाही. करमाडहून आई आली होती आणि तिच्याशेजारी वैजापूरच्या एका पाटलांकडच्या काकू. त्या मला बघायला आल्या आहेत हे मामीनं मला सकाळीच वेणी घालताना सांगितलं होतं. "शहाण्यासारखी ऱ्हा," एवढंच वर म्हणाली.

कार्यक्रम नातेनं, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतिगीतानं, सुरू झाला, आणि तेव्हाच कुणीतरी लोबान पेटवला. मोठ्या धूपदाणीत, भरपूर. अंगणात वारा नव्हता. निळा धूर गाद्यांवरून सरकत सरकत आमच्या रांगांपर्यंत आला. माझ्या घशात कोंबड्याचं पीस अडकल्यासारखं झालं. मी उस्तानीबींकडे पाहिलं. त्या ताठ उभ्या होत्या, कपाळावर घाम.

तरी सुरुवात फार सुंदर झाली. आम्ही रांगेनं अंगणाला फेऱ्या घातल्या, तोंडं बंद, पावलं एका तालात. आधी बायका हसल्या. मग फेऱ्या वाढत गेल्या तसं हसू थांबलं. एकही मुलगी धापा टाकत नव्हती. कुणीतरी म्हणालंही, "माशाल्ला." मग हातांची कवायत आली. उस्तानीबींनी हात वर केला. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. हात खाली करायचा हुकूम त्या देणार होत्या... तो आलाच नाही.

त्यांचं तोंड उघडलं होतं आणि आवाज फुटत नव्हता. त्यांनी बाजूचं स्टूल धरलं, मग खाली बसल्या. ती शिट्टी... माझी ओळखीची शिट्टी त्यांच्या छातीतून निघत होती, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल इतकी. आम्ही हात वर करून तशाच उभ्या. गाद्यांवरून कुजबुज उठली, "अय्यो, इनकू तो दमा है!" कुणी तोंडाला पदर लावला. आणि उस्तानीबींनी, ज्यांनी मला ते करू नको म्हणून शिकवलं त्यांनी, ओढणी तोंडात धरली.

मी दुसऱ्या रांगेत होते. समोर आई दिसत होती, शेजारी त्या काकू. मी विचार केला असं म्हणणं खोटं ठरेल. हात खाली केले, पुढं गेले आणि त्यांच्यामागं जमिनीवर, बायकांकडे तोंड करून, त्यांच्या पाठीला पाठ लावून बसले. "कपडा निकालो, उस्तानीबी," मी म्हणाले. आणि फुंकर घालायला लागले. लांब, सावकाश. लोबानानं माझीही छाती भरली होती. फुंकरीबरोबर माझीही शिट्टी वाजत होती. मी ती लपवली नाही. लपवली असती तर त्यांना ती ऐकू आली नसती, आणि ऐकू येण्यासाठीच तर ती होती. समोर आईचा चेहरा राखेसारखा झालेला मला दिसत होता. मी डोळे मिटले. पाठीला त्यांची पाठ लागत होती... आधी धडधडणारी, मग थोडी थोडी रुंद होणारी. कधीतरी त्यांची फुंकर माझ्या फुंकरीला येऊन मिळाली.

त्या उठल्या. मुली अजून तशाच उभ्या होत्या, हात वर धरून. उस्तानीबींनी बसक्या आवाजात हुकूम दिला. सगळे हात एकदम खाली आले. उरलेली कवायत आम्ही पूर्ण केली. टाळ्या वाजल्या नाहीत. मोठ्या उस्तानींनी घाईघाईनं शरबत वाटायला सांगितलं.

परतताना टांग्यात आई म्हणाली, "मी झाकून ठिवलं व्हतं... इतकी वर्सं. अन् तू चव्हाट्यावर मांडलंस." त्यानंतर ती करमाडला जाईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. वैजापूरचा निरोप आलाच नाही. केलं त्याचा मला पस्तावा नव्हता. पण आईची ती खाली गेलेली मान आठवली की आजही मला कुठं तोंड लपवू असं होतं. दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात, हे मला तेव्हा कळलं.

उस्तानीबी पुढच्या आठवड्यात शाळेत दिसल्या नाहीत. मोठ्या उस्तानींनी त्यांना सांगितलं म्हणे, की दमेकरी बाई कवायत शिकवते म्हटल्यावर लोक हसतील. कवायतीचा तास मात्र राहिला, दुसऱ्या उस्तानीकडे. मुली धापा न टाकता पळाल्या हे बायकांनी पाहिलं होतं ना!

मी त्यांच्या घरी गेले. शहागंजामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. त्या पडद्याबाहेर आल्याच नाहीत. आतूनच म्हणाल्या, "तेरेकू उठने कू किसने बोला था?" आवाज रागाचा होता. "मेरी तो गई सो गई. तेरा रिश्ता काइकू डुबाई?" मी उंबऱ्यावर उभी. पडद्याआड त्या रडत होत्या हे कळत होतं. मला त्यांच्यासमोर आणि त्यांना माझ्यासमोर यायची लाज वाटत होती. दोघींनी एकमेकींचं जे पाहायला नको ते पाहिलं होतं. शेवटी आतल्या खोलीतून त्यांच्या वडिलांचा आवाज आला, "जैनब, बच्ची कू अंदर तो ले." पडदा सरकला. आम्ही दोघी जमिनीकडे बघत चहा प्यायलो.

पुढं त्यांनी घरीच गल्लीतल्या मुलींना कुराण वाचायला शिकवायला घेतलं. दर शुक्रवारी मी जायची. वाचनाचा वर्ग झाला की आमचा श्वासाचा. मग निजामी गेली. त्या भीतीच्या दिवसांत काही महिने आमची भेटच नव्हती. पुन्हा भेटलो तेव्हा माझं लग्न निघत होतं, चितेगावच्या एका शाळामास्तरांशी. उस्तानीबींनी माझे दोन्ही दंड धरले. "पैले बोल, बाद में ब्या कर. मेरे सरीका मत कर." बघण्याच्या कार्यक्रमात मास्तरांच्या काकांनी विचारलं, "शिवणटिपण येतं का?" मी म्हणाले, "येतं. आणि मला दमा आहे. औषध घेते, रोज चालते, भरला हंडा उचलते." दाराआड आईच्या बांगड्या वाजल्या. काका बघतच राहिले. मास्तरांनी मान वर केली आणि म्हणाले, "आमच्या अण्णांनाबी हाय. त्यांना थंडीत शेक लागतो. तुम्हाला काय लागतं?" त्या माणसाबरोबर माझा संसार झाला.

मुलं हाताशी आल्यावर एकदा मी आणि उस्तानीबी दौलताबादचा किल्ला चढलो. त्या तेव्हा पन्नाशीला टेकल्या असतील. कॉलेजची पोरं आम्हाला ओलांडून धावत वर गेली आणि पुढच्या वळणावर कमरेवर हात ठेवून, तोंडं उघडी टाकून उभी असलेली भेटली. आम्ही न बोलता, नाकानं, आमच्या चालीनं त्यांना ओलांडलं. पुन्हा ती पुढं, पुन्हा आम्ही. माथ्यावरच्या बारादरीत आम्ही त्यांच्या आधी पोचलो. "देखी?" त्या म्हणाल्या. जलशानंतर त्यांना इतकं मनापासून हसताना मी तेव्हाच पाहिलं.

शेवटची भेट गेल्या हिवाळ्यात झाली. त्या खाटेवर, उशाशी औषधाचा पंप. मी बसले असताना शेजारची कुणी बाई डोकावली, आणि उस्तानीबींनी श्वास धरला. मला दिसलं. ती बाई जाईपर्यंत धरला, आणि मग दोन-तीन धापा टाकल्या. मी बघतेय हे त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, "सबकू बोलती मत छुपाओ... पन छुपाती मैं भी." मी त्यांचा हात हातात घेतला. कुणी कुणाला समजावावं? दोघीही हसलो, जरा ओशाळूनच.

परवा शाहीनकडे भेटायला गेले. पुढच्या खोलीत खाट नव्हती. त्या जागी चटया होत्या आणि परकऱ्या वयाच्या मुली मांडी घालून, पुढं झुलत वाचत होत्या. वर्ग आता शाहीन घेते. मी भिंतीकडेला बसले. मला त्यातला अर्थ कळत नाही, पण श्वास कळतो. ओळीच्या शेवटी सगळ्या एकदम थांबायच्या, तोंडं मिटायची, नाकपुड्या किंचित हलायच्या आणि पुढची ओळ सुरू व्हायची. मधेच एका मुलीचा दम ओळ संपण्याआधी तुटला. छातीतून बारीकशी शिट्टी आली. ती एकटीच थांबली आणि तिचा चेहरा लाल झाला. शाहीननं तिच्याकडे बघितलं नाही. कुणी हसलं नाही. बाकीच्या मुली पुस्तकावर बोट ठेवून थांबल्या. त्या मुलीनं सावकाश फुंकर सोडली, नाकानं श्वास घेतला आणि ओळ पहिल्यापासून म्हणायला लागली. मग सगळ्या तिच्याबरोबर म्हणू लागल्या.